तीन पिस्टन आणि पाऱ्याचं मशीन

माझ्या टेबलावर तीन पिस्टन ओळीने उभे आहेत. तिन्ही 47 मिलिमीटरचे, तिन्ही मेलेले. ताई म्हणते, एकात उदबत्त्या खोच, निदान उपयोग होईल. मी खोचत नाही. आयटीआयमध्ये बत्तीस वर्षं फिटर ट्रेडच्या पोरांना शिकवलेला माणूस एका सायकलच्या इंजिनापुढे पाच महिने मूर्ख ठरला, त्याचा हा पुरावा आहे. पुरावा जपून ठेवावा.

भाच्याचं शेत अमळनेरच्या अलीकडे, बोरीच्या काठाला. विहीर एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला, मधे एक नाला. दिवसातून दहा चकरा. म्हणून त्याने होळीला जुन्या सायकलवर टू-स्ट्रोक इंजिनाचं किट चढवलं. विकणाऱ्याने ते 80 सीसीचं म्हणून विकलं होतं. मी पहिल्याच दिवशी मोजलं. बोर (सिलिंडरची आतली रुंदी) 47, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 38, म्हणजे भरले 66. उरलेले 14 सीसी जाहिरातीत जळाले असावेत.

ज्यांना असली सायकल रस्त्यावर न्यायची हौस आहे त्यांनी मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 2(28) वाचावं. चारपेक्षा कमी चाकं आणि 25 सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ते मोटार वाहन धरत नाहीत. 66 सीसी म्हणजे सरळ मोटार वाहन: नोंदणी हवी, लायसन्स हवं, सगळं हवं. भाच्याला तंबी दिली, शेताच्या बांधाबाहेर चाक काढायचं नाही. हे एक त्याने ऐकलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी त्याचा फोन आला. “मामा, इंजिन बसी गयं.”

नाल्यातून कडब्याचं ओझं घेऊन चढताना इंजिनाने एकदम आवाज दाबला आणि मागचं चाक घसटत थांबलं. दुपारचे दोन, 44 डिग्री ऊन. ब्लॉक काढला तर पिस्टनला सायलेन्सरच्या बाजूने उभे ओरखडे, आणि वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकच्या आत चोपडलेलं. गावातला लेथवाला म्हणाला, बोर करून देतो. मी लोहचुंबक लावला, चिकटला नाही. आतून क्रोम चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक. याला बोर करता येत नाही, क्रोमच निघून जाईल. म्हणून नवा ब्लॉक-पिस्टन मागवला.

कारण मला लगेच ‘कळलं’. हा पोरगा पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल बाटलीच्या झाकणाने मोजायचा. मी त्याला औषधाचं माप दिलं आणि वर स्वतःची अक्कल लावली: लिटरला 40 मिली ऐवजी 60 टाक, ऊन कडक आहे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक तर तेवढंच राहतं. त्यातून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे इंजिनाला मिळणारं मिश्रण आणखी पातळ. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं आहे. तरीही केलं.

दुसरा पिस्टन मृग लागायच्या आत गेला. तीच बाजू, तेच ओरखडे, फक्त जास्त खोल.

मग भाच्याने पेट्रोलला धरलं. “पेट्रोलमां इथेनॉल टाकतस ना मामा, त्यानाच वांधा शे.” त्याचं अगदीच चूक नव्हतं. इथेनॉलच्या वजनात साधारण 35 टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये सात टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आधीच मुरलेला. त्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल गेलं तर मिश्रण थोडं पातळ पडणारच. जेट 70 नंबरचा होता, मी हातातल्या पिन-व्हाइसमध्ये बारीक ड्रिल धरून 75 केला. पाच आकडे वाढले असं वाटतं, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढतं. बरं वाटलं. गाडी छान ओढायला लागली. भाचा खूश. म्हणाला, आता पिकअप इतका भारी की अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी पळते.

हे वाक्य मी ऐकलं आणि चहा प्यायलो. इथे मला उठून उभं राहायला हवं होतं.

जुलैअखेर तिसरा. या वेळी इंजिन बसलं नाही, खडखडलं आणि कॉम्प्रेशन गेलं. रिंगचे तीन तुकडे, पिस्टनच्या वरच्या काठाचा लचका तुटलेला, हेडला आतून देवीच्या व्रणांसारखे खड्डे. ताई ओट्यावरून बघत होती. “मामा-भाचा दोन्ही हाईच करा,” म्हणाली, “कपाशीले पानी कव्हय देशात?”

त्या रात्री तिन्ही पिस्टन रॉकेलने धुऊन दिव्याखाली मांडले आणि पहिल्यांदा नीट बघितले. त्याआधी मी पिस्टन बघत नव्हतो. बिघाड झाला की कारण मनात तयार असायचं, पिस्टनकडे फक्त सही घ्यायला जायचो.

पहिल्या दोघांची जखम एकच. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला, कार्बोरेटरकडची बाजू जवळपास स्वच्छ. म्हणजे ऑइल पोचत होतं. ऑइल मुळातच नसतं तर चारही बाजूंनी घासलं असतं. वरचा माथा फिकट राखाडी, प्लगची चिनीमाती पांढरी फटक. हे उष्णतेचं मरण आहे, पातळ मिश्रणाचं. सर्क्लिप जागेवर, म्हणजे पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन सरकलेली नाही. एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली अशी तिरकी झीजही नाही, म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकलेला नाही.

तिसरा मात्र वेगळाच. त्याच्या अंगावर उष्णतेचा डाग नाही. तो दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवलेला, माथ्यावर कोणती बाजू कुठे बसवायची ते सांगणारा बाणच नव्हता. रिंग गोल फिरू नये म्हणून खाचेत बारीक पिन असते, रिंगची दोन टोकं तिथे येतात. मी पिनेपासून खाली पेन्सिलने रेघ मारली, पिस्टन ब्लॉकमध्ये घालून टॉर्चने बघितलं. रेघ बरोबर डाव्या ट्रान्सफर पोर्टच्या, म्हणजे खालून मिश्रण वर येण्याच्या वाटेच्या, खिडकीत. मोकळी टोकं दर फेऱ्याला खिडकीत किंचित बाहेर पडायची, काठावर आपटून परत आत जायची. आणि नव्या ब्लॉकच्या त्या काठांना गोलाई अजिबात नव्हती, बोट कापेल इतके धारदार. किती वेळ टिकणार?

म्हणजे तीन खून आणि खुनी दोन. मी तिघांचा पंचनामा एकाच कागदावर लिहीत होतो.

दुसऱ्या खुन्याची गाठ सोपी होती, बाण असलेला पिस्टन आणि बारीक कानस. पहिला अजून मोकळा होता. जेट वाढवून मी त्याला फक्त थोडा उशीर लावला होता. तेव्हा ते वाक्य आठवलं. अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी पळते. कार्बोरेटर बंद असताना इंजिन पळत असेल तर त्याला हवा दुसरीकडून मिळते आहे.

टू-स्ट्रोकचं खालचं घर म्हणजे पंप असतो. पिस्टन वर गेला की तिथे पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच दाबून वर पाठवलं जातं. या घराला कुठेही छिद्र असेल तर पिस्टन वर जाताना बाहेरची हवा आत येते आणि मिश्रण पातळ होतं. खाली येताना त्याच छिद्रातून थोडं ऑइल बाहेर उडतं. मॅग्नेटच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या चक्राच्या, झाकणाखाली मला दोनदा तेलकट ओलावा दिसला होता. चेनचं ग्रीस असेल म्हणून फडक्याने पुसला होता. दोनदा!

दाब तपासायला माझ्याकडे बारीक गेज नव्हता. गावच्या डॉक्टरांकडे अडगळीत पडलेलं पाऱ्याचं बीपीचं मशीन मागून आणलं. 300 मिलिमीटर पारा म्हणजे सहा पीएसआयपेक्षा किंचित कमी, या कामाला अगदी मापाचं. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्यात पितळी नळी ब्रेझ केली, ती प्लगच्या जागी आवळली, कफ काढून मशीनची रबरी नळी तिला जोडली. सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडं ट्यूबचं रबर आणि पत्रा लावून बंद. पिस्टन तळाशी आणून ठेवला, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून दाब खालच्या घरापर्यंत जातो. फुगा दाबत गेलो. पारा 280.

“इतलं बीपी ऱ्हायनं त मानूस मरी जाई,” भाचा म्हणाला.

पारा मिनिटभरात 120 वर आला. मग साबणाचं पाणी आणि ब्रश. हेडला काही नाही. ब्लॉकच्या खालच्या पॅकिंगला काही नाही, कार्बोरेटरच्या नळीला नाही, आणि मला तर सगळा संशय तिच्यावरच होता. मॅग्नेट पुलरने ओढून काढला, मागे ब्रश फिरवला आणि तिथे पांढरा फेस वाफाळत्या भातासारखा फुगायला लागला. क्रँकचा शाफ्ट बाहेर येतो तिथला रबरी ऑइल सील. काढून बघितला तर ओठ कडक झालेला आणि आतली केसासारखी गोल स्प्रिंग जागा सोडून एका बाजूला बसलेली. बेअरिंग हलवून बघितलं, खेळ नव्हता. सील 40 रुपयांचा. तोवर ब्लॉक-पिस्टनवर किती गेले ते ताईसमोर लिहीत नाही.

नवा सील बसवताना शाफ्टच्या चावीच्या खाचेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं, म्हणजे खाचेच्या धारेने ओठ चिरत नाही. पहिल्या वेळी कारखान्यात हेच कुणी केलं नसेल असं मला वाटतं, पण ते मी शपथेवर सांगू शकत नाही. परत 280 भरले. दहा मिनिटांनी 270. पोर्टच्या कडा गोल केल्या, रिंगच्या टोकांतली फट फिलर गेजने 0.2 ठेवली, ऑइल परत लिटरला 40 मिली. भाच्याने पूर्ण अ‍ॅक्सिलेटरवर बांधाची एक चक्कर मारली आणि सांगितल्याप्रमाणे टोकाला क्लच दाबून तिथेच इंजिन बंद केलं. प्लग काढला. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग. अ‍ॅक्सिलेटर सोडला की इंजिन आता लगेच खाली येतं, आणि भाच्याची तक्रार सुरू झाली की पिकअप पहिल्यासारखा राहिला नाही.

हे सगळं पोळ्याच्या आदल्या दिवशीचं. संक्रांतीला सायलेन्सर काढून त्या तोंडातून चौथ्या पिस्टनकडे टॉर्च मारला. मशीनिंगच्या बारीक आडव्या रेघा अजून शाबूत आहेत. पण तो थंडीत चालला आहे, ओझं हलकं होतं, नाल्याला पाणी असल्याने चढ टाळून वळसा घालून जायचा. आखाजी अजून यायची आहे. तोपर्यंत डॉक्टरांना मशीन परत करणार नाही.