पीएमपीचं ऑडिट आणि आमचा एचआर

एक गोष्ट आधीच सांगते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. पीएमपीच्या, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटच्या, अर्जात तुमचं पदनाम काय आहे याला काडीचं महत्त्व नसतं. प्रोजेक्ट तुम्ही चालवलात का, एवढंच बघतात. हे कळायला माझे ४१ दिवस गेले.

आमची कंपनी महापे एमआयडीसीत, जलशुद्धीकरण केंद्रांची कंट्रोल पॅनल बनवते. बाहेरून आणलेले दोन प्रोजेक्ट मॅनेजर वर्षाच्या आत सोडून गेले, तेव्हा साहेबांनी ठरवलं, आता आपल्यातलेच पाच जण तयार करायचे. त्यात मी. ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, ते शनिवार-रविवार कॉन्फरन्स रूममध्ये उरकलं. आमच्या वेळी पदवी असेल तर गेल्या आठ वर्षांतला ३६ महिन्यांचा अनुभव दाखवायचा, डिप्लोमा असेल तर ६०. आमचा एक डिप्लोमावाला तिथेच अडकला. त्याने सीएपीएम ही त्याखालची परीक्षा धरली, तिला अनुभव लागत नाही.

मी अर्ज केला, फी भरली आणि ऑडिटमध्ये, म्हणजे अर्जातली माहिती कागदपत्रांनिशी सिद्ध करायच्या तपासणीत, सापडले. यात कुणाचा नंबर लागेल याचा नेम नसतो. मुदत ९० दिवस. पदवीची प्रत आणि प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट त्याच रात्री स्कॅन केलं. राहिल्या त्या प्रोजेक्टच्या तपशिलावरच्या सह्या. त्या घ्यायला मी एचआरकडे गेले.

"मॅडम, तुमचं डेझिग्नेशन सीनियर सर्व्हिस इंजिनियर आहे. तुम्ही प्रोजेक्ट लीड केला असं कंपनी कसं लिहून देणार?"

"अहो, कंपनीनेच मला पीएम व्हायला पाठवलंय."

"मग झाल्यावर देऊ ना लिहून."

यावर काय बोलायचं? मग सुरू झालं. आधी अर्ज द्या, मग तो विभागप्रमुखांकडून फॉरवर्ड करून आणा, मग लेटरहेडवर चालेल का हे लीगलला विचारू. लीगलवाला लग्नाला गावी गेलेला. तो आला तर एचआरवाल्याची सुट्टी. दर सोमवारी मी त्या टेबलापाशी उभी, आणि माझा कागद त्याच निळ्या ट्रेमध्ये, वरून तिसरा. एकदा तर त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटलेला होता.

शेवटी घणसोलीहून ठाण्याला येताना, ऐरोलीच्या आसपास, उभ्या उभ्या मोबाइलवर ऑडिटची सूचना पुन्हा वाचली. सही हवी होती ती अर्जात ज्याचं नाव दिलंय त्याची. एचआरचा उल्लेखच नव्हता! नाव मी स्वतःच भरलं होतं, आमच्या साइटच्या जुन्या सरांचं. पण कागद म्हटला की एचआर, ही नोकरीतली सवय. तेव्हा स्वतःचाही राग आला.

सर निवृत्त होऊन नौपाड्यात राहतात. त्यांनी पट्टी घेऊन ओळ न् ओळ वाचली आणि थांबले. "अगं, हा प्रोजेक्ट नऊ महिने कुठे होता? गणपतीच्या आधीच पॅनल चार्ज करून चालू केलं होतं आपण."

"सर, हँडओव्हर दिवाळीनंतर झाला. पंच लिस्टमधली बारीकसारीक कामं राहिली होती."

"हो, त्या ऑपरेटरांचं ट्रेनिंगही राहिलं होतं." मग सही. सगळं मिळून वीस मिनिटं, त्यात पोहे धरून.

म्हणून सांगते, ज्यांचं नाव देणार त्यांना अर्ज सबमिट करायच्या आधी तारखा दाखवा. हँडओव्हरच्या मेल शोधून ठेवा. आणि एकाच वेळी दोन प्रोजेक्ट चालू असतील तर तो महिना एकदाच मोजतात. मी आधी दोनदा धरला होता, प्रशिक्षकांनी वेळेत पकडलं.

परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मी दिली तेव्हा १८० प्रश्न होते, २३० मिनिटं, मध्ये दहा-दहा मिनिटांचे दोन ब्रेक. पहिल्या ब्रेकला उठाच, मी उठले नाही आणि शेवटी डोकं बधिर झालं. तरी पास झाले.

सर्टिफिकेट टिकवायला तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, मिळवावे लागतात. त्यासाठीच्या एका कोर्सच्या खर्चाचा अर्ज मंगळवारी एचआरला दिलाय. निळ्या ट्रेमध्ये आहे.