जुलाब थांबवायची गोळी, फॅटी लिव्हर आणि नाशिकच्या चकरा (माझा अनुभव)

सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर निघालं, आणि मी तर आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्यामुळे घरात आधी दोन दिवस चौकशीच झाली माझी. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले दारूचा संबंध नाही, पोट आणि शुगर बघा. त्यांनीच नाशिकच्या एका हॉस्पिटलातली ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, सुचवली. रिफॅक्सिमिन म्हणून जुनीच अँटिबायोटिक आहे, जुलाब थांबवायला देतात, लिव्हर खूप बिघडून पेशंट बरळायला लागतो तेव्हाही देतात, ती फॅटी लिव्हरवर चालते का ते बघायचं होतं.

आता आतड्याची गोळी लिव्हरला काय करणार? तर ही गोळी रक्तात जवळजवळ जातच नाही, आतड्यातच राहते, आणि आतड्याकडचं रक्त पहिले लिव्हरमध्येच जातं, सोबत जंतूंची घाणही जाते आणि लिव्हरला सूज येऊ शकते, म्हणून जंतूंनाच आवरून बघायचं, असा हिशोब.

संमतीपत्र वाचताना 'यादृच्छिक' शब्दावर अडलो. ट्रायलच्या मॅडम म्हणाल्या चिठ्ठी काढल्यासारखं हो काका, काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कोणाला कोणती ते डॉक्टरांनाही माहीत नाही. मन खट्टू झालं. पहाटेची एसटी पकडून जायचं आणि मिळणार काय तर पिठाची गोळी? पण कधीही सोडता येतं म्हणाल्या, सही केली.

मग फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरची चरबी आणि कडकपणा मोजायचं मशीन, त्याला तीन तास उपाशी, बरगड्यांमध्ये टिचक्या मारल्यासारखं वाटतं, दुखत नाही. चरबीचा आकडा 318 आला. गोळ्या तीन महिने, आणि डाएट मात्र सगळ्यांनाच सारखं. शेवभाजीचा तवंग बंद, ऐन हिवाळ्यात भरताच्या पार्ट्यांना मी नुसता कांदा चावत बसलो!

शेवटी वजन सहा किलो कमी, आकडा 271. बायको म्हणते गोळी लागू पडली. मी डॉक्टरांना विचारलं तर हसले, वजन उतरलं की लिव्हरची चरबी तशीही उतरते, गोळीचं काय ते सगळ्यांचे कोड उघडून कोणाला कोणती गोळी होती ते बघितल्यावरच कळेल. तोवर मी पिठाची खाल्ली की खरी, देव जाणे.

हां, उरलेल्या गोळ्या परत द्याव्या लागतात, मोजून घेतात. माझ्या चार हव्या होत्या, निघाल्या अकरा. लग्नसराईत विसरलो, सरळ सांगून टाकलं, मॅडमनी तेही लिहून घेतलं.