लेनीच्या रस्त्यावरून

सिॲटलमध्ये चार क्रीडाशौकीन जमले की पहिला विषय खेळाचा नसतो, पोचायचं कसं याचा असतो. क्लायमेट प्लेज अरीनात हॉकीचा क्रॅकन किंवा महिला बास्केटबॉलचा स्टॉर्म संघ खेळणार असला की दुपारपासूनच खल सुरू होतो. लाइट रेल घ्यावी की बस, मोनोरेलला रांग किती असेल, मर्सर स्ट्रीट कुठपर्यंत तुंबलाय. या खलात कधीतरी लेनीचं नाव निघतं. सिॲटलचा जुना बास्केटबॉलपटू आणि प्रशिक्षक लेनी विल्कन्स 9 नोव्हेंबर 2025ला गेला, 88व्या वर्षी. तेव्हापासून जरा जास्तच निघतं.

इतक्या वयाच्या माणसाचा उल्लेख एकेरीत केला म्हणून कुणी दचकू नये. इंग्रजीत अरेजारे नाही हे खरं, पण सिॲटलची जुनी माणसं 'लेनी' म्हणतात तेव्हा तो सूर आपल्या 'सचिन'सारखाच असतो.

आधी रस्ता. लांबून येणाऱ्यांसाठी लाइट रेल आणि मोनोरेल हा सरधोपट मार्ग. लाइट रेलनं वेस्टलेक स्थानकात उतरायचं. ते जमिनीखाली, आणि मोनोरेलचा फलाट वेस्टलेक सेंटर या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे भुयारातून थेट माडीवर. नकाशात दोन्ही ठिपके एकमेकांवर दिसतात, म्हणून नवखा माणूस गाडी बदलायला दोन मिनिटं धरतो आणि फसतो. सरकते जिने, मॉलमधली वळणं, वरची रांग असं सगळं मिळून सामन्याच्या दिवशी पंधरा मिनिटं हाताशी ठेवलेली बरी. भुयारी स्थानकांतले जिने अधूनमधून बंद असतात, ही इथली नेहमीची रड. व्हीलचेअर किंवा बाबागाडी बरोबर असेल तर घरून निघतानाच लिफ्ट चालू आहे का, ते परिवहनाच्या सूचनांमध्ये पाहून घ्यावं. एक लिफ्ट बंद म्हणजे पूर्ण चौकाला वळसा.

मोनोरेलचा प्रवास मात्र दोन मिनिटांचा. अंतर जेमतेम दीड किलोमीटर, मधे एकही थांबा नाही, आणि शेवटाला गाडी चक्क पॉप संस्कृती संग्रहालयाच्या इमारतीच्या पोटातून जाते. उतरल्यावर सिॲटल सेंटरच्या आवारातून पश्चिमेकडे चालायचं, मोठं कारंजं ओलांडायचं, की समोर अरीनाचं उतरतं छप्पर दिसतं. पाच-सात मिनिटांची चाल.

ही मोनोरेल आणि ते छप्पर दोघंही 1962च्या जागतिक प्रदर्शनाची पोरं. मोनोरेल बांधणाऱ्या कंपनीचं नाव आल्वेग. ते स्वीडिश उद्योगपती आक्सेल लेनार्ट वेनर-ग्रेन याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडलं. लेनार्ट म्हणजे स्वीडिश लेनर्ड, आणि लेनीचं पाळण्यातलं नावही लेनर्डच. योगायोगापलीकडे यात काही नाही. पण मोनोरेलच्या रांगेत अर्धा तास उभं असलेल्या माणसाला असली माहिती पुरते.

रांग का लागते त्याचं कारण 1988मध्ये आहे. त्या साली वेस्टलेक मॉल बांधला तेव्हा मोनोरेलचं टोक त्याच्या आत घ्यायचं म्हणून तिथल्या, गाड्या ज्यांवरून धावतात त्या दोन्ही तुळया एकमेकींच्या जवळ ओढल्या. इतक्या जवळ, की दोन गाड्या त्या टोकाला एका वेळी शेजारून जाऊच शकत नाहीत. एकूण गाड्याही दोनच आहेत, लाल आणि निळी. एक बाहेर पडल्याशिवाय दुसरीला आत यायचं नाही, हा नियम. नोव्हेंबर 2005मध्ये तो मोडला, दोन्ही गाड्या वळणावर एकमेकींना घासल्या आणि तिथेच अडकल्या. दुरुस्तीत कित्येक महिने सेवा बंद राहिली. म्हणून आज गर्दीच्या रात्री चालक थांबून दुसऱ्या गाडीची वाट पाहताना दिसला तर त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. साडेचारशे माणसं मावणारी गाडी ही इथली जमेची बाजू, एक अरुंद वळण ही खोट. सामना संपल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मोनोरेल गाठली तर ठीक. नाहीतर सरळ चालत वेस्टलेकला जावं. पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ रांगेत सहज जातो.

बसचा कारभार वेगळा. बॅलर्ड आणि डाउनटाउनमध्ये धावणारी रॅपिडराइड डी अरीनाच्या अगदी अंगाला लागून जाते, पण ती एक गंमत करते. उत्तरेकडे जाताना ती फर्स्ट ॲव्हेन्यू नॉर्थवरून जाते, म्हणजे अरीनाच्या दारातून. परत डाउनटाउनला जाताना मात्र एक गल्ली पश्चिमेला, क्वीन ॲन ॲव्हेन्यूवरून. हे दोन्ही रस्ते या भागात एकेरी आहेत. डाउनटाउनहून आलेला माणूस परतताना, जिथे उतरला त्याच थांब्याच्या आसपास समोरची बाजू शोधत राहतो. समोरच्या बाजूला त्याची बस कधीच येत नाही. दर सामन्याला अशी दहा-वीस माणसं फर्स्ट ॲव्हेन्यूवर ताटकळताना दिसतात, आणि त्यांना हात करून 'पलीकडची गल्ली' सांगणं हे इथल्या जाणत्या प्रेक्षकाचं अलिखित काम.

आठ नंबरची बस हा स्वतंत्र विषय आहे. कॅपिटल हिलवरून डेनी वेनं येणारी ही बस उशिराबद्दल इतकी नावाजलेली, की लोक तिला 'लेट' म्हणतात. इंग्रजीत 'एल' पुढे आठाचा आकडा लिहिला की तोच उच्चार होतो. दोष बसचा नाही, डेनी वेचा आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या येल ॲव्हेन्यूवर महामार्ग पाचवर चढण्यासाठी खोळंबतात, त्यांची शेपटी मागे मागे वाढत जाते आणि बस त्या शेपटीत सापडते. एका दिशेचा उशीर मग पुढच्या फेरीलाही चिकटतो. कॅपिटल हिलच्या माणसानं सातच्या सामन्याला निघताना आठाचा नाद सोडावा. लाइट रेलनं पुढचंच स्थानक वेस्टलेक, तिथून मोनोरेल. उलटा वळसा वाटतो, पण वेळेवर पोचवतो.

गाडीनं येणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. महामार्गावरून मर्सरला उतरणं याला सिॲटलकर दोन पिढ्या 'मर्सर मेस' म्हणत आले आहेत, त्यातच सगळं आलं. 2021मध्ये नवं अरीना उघडलं तेव्हापासून क्रॅकन आणि स्टॉर्मच्या तिकिटातच बस-रेल्वेचा फुकट प्रवास घातला, तो यावरचा उपाय म्हणूनच. तो पास फोनमधल्या ॲपमध्ये असतो. म्हणून फोनची बॅटरी जपायची, कारण तीच बॅटरी नंतर अरीनाच्या दारातही लागते. लाइट रेल अरीनापर्यंत यावी हे लोकांनी 2016मध्येच मतपेटीतून मान्य केलं. ठरलेलं वर्ष 2039. हा आकडा ऐकल्यावर कोणत्याही घोळक्यात एकदा शांतता पसरते, आणि मग कुणीतरी आपलं तेव्हाचं वय मोजतं.

आता छप्पर. या वास्तूला चार नावं झाली आणि कोण कोणतं नाव घेतं त्यावरून माणसाचं वय ओळखता येतं. 'कॉलिझियम' म्हणणाऱ्यानं लेनीला खेळताना पाहिलेलं असू शकतं. 'की अरीना' म्हणणारा 1995नंतरचा, गॅरी पेटन आणि शॉन केम्प या बास्केटबॉलपटूंचा भक्त. नवं नाव बिनदिक्कत घेणारा बहुधा क्रॅकनबरोबर आलेला. ताज्या नूतनीकरणात एक अजब काम झालं. वारसा म्हणून छप्पर हलवायचं नव्हतं. तेव्हा सुमारे 20 हजार टनांचं ते ओझं लोखंडी टेकूंवर तोललं आणि खालचं सगळं खणून काढलं. म्हणून आज रस्त्यावरून आत शिरल्यावर वर चढायचं नसतं. खेळाची जागा पायाखाली, रस्त्याच्या पातळीपासून सुमारे 50 फूट खोल आहे. बाहेरून बेताची दिसणारी इमारत आत 17-18 हजार माणसं गिळते ती यामुळे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तिकीट काढतानाच हे लक्षात ठेवावं. रांगेचा आकडा जितका लहान तितकं खाली उतरायचं, आणि सामना संपल्यावर तेवढंच वर यायचं.

दक्षिणेला थॉमस स्ट्रीट आहे. त्याच्या अरीनाजवळच्या तुकड्याला 28 ऑक्टोबर 2021ला, 84व्या वाढदिवशी, लेनीचं नाव दिलं. त्याचा पुतळा अरीनाबाहेर उभा राहिला तो जून 2025मध्ये. तो त्याला पाहता आला, ही गोष्ट आता लोक पुन्हा पुन्हा बोलतात. पुढे पाच महिनेही नव्हते.

लेनी जन्माला आला ब्रुकलिनमध्ये, 1937 साली. उंची सहा फूट एक इंच, म्हणजे त्या खेळात बुटकाच, आणि डावखुरा. सेंट लुईसहून 1968मध्ये सिॲटल सुपरसॉनिक्स, म्हणजे सॉनिक्स, या संघात आला. पुढच्याच वर्षी संघानं त्याला खेळता खेळताच प्रशिक्षकही केलं. 1969-70च्या त्या मोसमात पूर्ण लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट त्याचे होते. असिस्ट म्हणजे अशी पास, की ज्याला मिळाली त्यानं लगेच बास्केट करावी. गुण दुसऱ्याच्या खात्यात, आपल्या खात्यात फक्त एक आडवी नोंद. बाकावर बसून कुणाला कधी उतरवायचं ते ठरवायचं आणि आपणच मैदानात जाऊन चेंडू वाटायचा, हे दोन्ही एका माणसानं करणं आजच्या लीगमध्ये कल्पनेतही बसत नाही.

1972मध्ये मालकांनी त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं. तो पाहुण्या संघाकडून सिॲटलला परत खेळायला आला, तेव्हा याच छपराखाली प्रेक्षकांनी टाळ्या त्याला वाजवल्या आणि हुर्यो आपल्याच संघाची उडवली. जाणत्या प्रेक्षकांना सिॲटलची ओळख सांगायची असली की ते 1979चं जेतेपद नंतर सांगतात, आधी ही रात्र सांगतात. माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. जिंकलेल्या संघाला टाळ्या कोणतंही गाव वाजवतं.

आकडेमोडीची आवड असणाऱ्यांसाठी एक जोडगोळी. 1971-72मध्ये लेनीच्या हाताखाली सॉनिक्स 47 जिंकले, 35 हरले. मग 1977च्या नोव्हेंबरअखेर संघ 5 विजय आणि 17 पराभव अशा गाळात रुतलेला असताना त्याला पुन्हा प्रशिक्षक केलं. मोसम संपला तेव्हा आकडे होते 47 आणि 35. जिथं सोडलं तिथूनच पुढे. उरलेल्या 60 सामन्यांत 42 विजय. संघ अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला आणि तो सामना याच कॉलिझियममध्ये हरला. सिॲटलच्या डेनिस जॉन्सननं त्या दिवशी 14 वेळा चेंडू फेकला आणि 14 वेळा चुकला. पुढच्या वर्षी त्याच वॉशिंग्टन बुलेट्सना 4-1 असं हरवून सिॲटलनं जेतेपद घेतलं, आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला हाच जॉन्सन. चौदापैकी शून्यवाल्याला बाहेर न बसवता पुन्हा खेळवणारा प्रशिक्षक कोण होता ते वेगळं सांगायला नको.

गंमत अशी, की त्या जेतेपदाच्या मोसमात संघ कॉलिझियममध्ये खेळतच नव्हता. तो किंगडोम या दुसऱ्या स्टेडियममध्ये गेला होता, निर्णायक सामना तर मेरीलँडमध्ये झाला. किंगडोम 2000मध्ये सुरुंग लावून पाडला. सॉनिक्स 2008मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेले. म्हणजे जिंकलेल्या वर्षाचं घर नाही, संघही नाही. राहिलं ते हार पाहिलेलं छप्पर. ते टेकूंवर तोलून जपलं, त्याचं वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

लेनी मात्र सिॲटलचाच राहिला. प्रशिक्षक म्हणून त्याचे 1,332 विजय झाले. 1995मध्ये प्रशिक्षक रेड आउअरबाखचा 938 विजयांचा विक्रम मोडला तेव्हा तो अटलांटाकडे होता. हॉल ऑफ फेममध्ये तीनदा गेला, खेळाडू म्हणून, प्रशिक्षक म्हणून आणि 1992च्या ऑलिंपिक संघाचा सहायक म्हणून. पण इथली वयस्कर माणसं आकड्यांच्या आधी ओडेसा ब्राउन मुलांच्या दवाखान्याचं नाव घेतात. त्या दवाखान्यासाठी त्यानं कितीतरी वर्षं पैसे उभे केले.

बेलव्ह्यू-रेडमंडकडच्या मराठी मंडळींना यातलं पुष्कळसं पोचून कळतं. चर्चगेटला उतरून गर्दीबरोबर वानखेडेकडे ढकललं जायची ज्यांना सवय, त्यांना फक्त इथली गर्दी फारच शिस्तीची वाटते. लेनीचं नाव त्यांना आधी रस्त्याच्या पाटीवर भेटतं. मग शेजारच्या खुर्चीवरचा, हिरव्या-पिवळ्या जुन्या जर्सीतला कुणी आजोबा मध्यंतरात सुरू होतो आणि मध्यंतर संपलं तरी थांबत नाही.

सामना सुटतो तेव्हा सगळ्यांना एकदम एकच काम असतं. मोनोरेलवाले पूर्वेला, बसवाले पश्चिमेला, आणि दोन्ही लोंढ्यांतून वाट काढत लेनी विल्कन्स वेवरून डाउनटाउनकडे चालणारे. पुतळ्यापाशी फोटो काढणाऱ्यांचं एक कोंडाळं असतं, त्याला वळसा घालावा. आणि फर्स्ट ॲव्हेन्यूवर कुणी फोन हातात धरून दोन्ही दिशांना पाहत उभा असेल तर त्याला सांगावं: इथं नाही, एक गल्ली पलीकडे, क्वीन ॲनवर. चार मिनिटांत येतेय.