मुंबईत पहिल्यांदा येताय? हॉटेल नंतर बघा, आधी स्टेशन ठरवा

मे महिना नाहीतर दिवाळीची सुट्टी जवळ आली की माझ्या व्हॉट्सॲपवर एक ठरलेला मेसेज येतोच. लातूरचा मावसभाऊ असो, सांगलीच्या आत्याची सून असो नाहीतर नागपूरची कॉलेजातली मैत्रीण, मजकूर तोच, "ताई, पोरांना घेऊन मुंबई बघायला येतोय, हे हॉटेल कसंय बघ ना" आणि खाली लिंक. लिंक उघडली की बहुतेक वेळा अंधेरी ईस्ट निघतं. पांढरीशुभ्र चादर, त्यावर टॉवेलचा हंस, ब्रेकफास्ट फ्री आणि ठळक अक्षरात 'विमानतळापासून १० मिनिटं'. अरे बाबा, तू येणार लातूर एक्सप्रेसनं, उतरणार सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी), बघणार गेटवे आणि राणीची बाग, तुला विमानतळ कशाला हवाय!

(आमच्याकडेच का नाही उतरत हे कोणी विचारायच्या आत सांगते, आम्ही डोंबिवलीला वन बीएचकेत चौघं राहतो, जेवायला कधीही या, झोपायचं मात्र अवघड आहे.)

तर प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी हीच लिंक पाठवता येईल.

गडबड अशी होते की आपल्याकडच्या शहरांना एक मध्य असतो. नागपूरला सीताबर्डी, कोल्हापूरला बिंदू चौक, तिथं आसपास खोली घेतली की बाकी सगळं रिक्षाच्या अंतरावर. बाहेरचा माणूस मुंबईचाही असाच मध्य शोधायला जातो, नकाशावर बघतो, अंधेरी-कुर्ला साधारण मधे दिसतं, रेटही बरा दिसतो, झालं, बुक. पण मुंबई गोल नाहीच आहे मुळात, ती शेवग्याच्या शेंगेसारखी लांबच लांब आहे, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला जे बघायचं असतं त्यातलं बहुतेक सगळं त्या शेंगेच्या खालच्या टोकाला आहे. गेटवे, वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, सीएसएमटीची इमारत, हँगिंग गार्डन, गिरगाव चौपाटी, थोडं वर महालक्ष्मी, हाजी अली, भायखळ्याची राणीची बाग. अंधेरी चर्चगेटपासून साधारण २२ किलोमीटर आहे. म्हणजे तुम्ही रोज सकाळी उठून २२ किलोमीटर खाली येणार आणि रात्री थकलेल्या पोरांना घेऊन २२ किलोमीटर वर जाणार.

आणि नुसतं अंतर असतं तरी चाललं असतं, खरा प्रश्न दिशेचा आहे, जो कुठल्याही बुकिंग ॲपवर दिसत नाही. सकाळी आठ ते अकरा अख्खी मुंबई खाली येते, संध्याकाळी पाच ते नऊ अख्खी मुंबई वर जाते. तुम्ही अंधेरीत, ठाण्यात, बोरिवलीत राहिलात की दोन्ही वेळा बरोबर आमच्याबरोबर, म्हणजे नोकरीवाल्यांबरोबर, गर्दीच्या दिशेनं. मी रोज या गर्दीतून फोर्टला येते त्यामुळे सांगते, साडेआठच्या फास्ट लोकलमध्ये लहान मूल, पाण्याची बाटली आणि टोपी घातलेले सासरे घेऊन चढायचं हा पर्यटनाचा भाग असू शकत नाही. उलट खाली राहून एखाद्या दिवशी बोरिवलीच्या नॅशनल पार्कला, कान्हेरीला जायचं ठरवलंत तर सकाळची विरारकडे जाणारी गाडी त्यामानानं मोकळी मिळते, खिडकीसुद्धा मिळते. (सोमवारी नको, पार्क बंद असतं. घारापुरीही सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी.)

म्हणून माझं पहिलं मत, पैसे परवडत असतील तर सीएसएमटी ते चर्चगेट या पट्ट्यात राहा, खोली लहान मिळाली तरी चालेल. आणि ती लहानच मिळणार हे मनाशी धरून चला. जेवढ्यात अंधेरीत हंसवाली खोली मिळते तेवढ्यात फोर्टमध्ये खिडकी नसलेली खोली मिळते, कपाट उघडलं की बाथरूमचं दार उघडत नाही असला प्रकार. पण तुम्ही खोलीत असणार किती वेळ? सकाळी उठून चालत मरीन ड्राइव्हला जाता येतं, दुपारी ऊन झालं की परत येऊन पोरांना झोपवता येतं, संध्याकाळी पुन्हा बाहेर. ही दुपारची झोप फार मोठी गोष्ट आहे, लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन फिरलेल्यांना विचारा. लांब राहिलात की एकदा बाहेर पडलं म्हणजे पडलं, रात्रीपर्यंत परत येणं नाही.

आता या पट्ट्यातही फरक आहेत. फोर्ट दिवसभर गजबजलेलं आणि ऑफिसं सुटली की सामसूम, रविवारी तर क्रिकेट खेळता येईल इतकं रिकामं, खायची बरीच ठिकाणं बंद. तिथली स्वस्तातली लॉज जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात, उंच उंच लाकडी जिने, लिफ्ट असलीच तर जाळीच्या दाराची आणि तीही बंद. गुडघेदुखीवालं माणूस बरोबर असेल तर आधी फोन करून विचाराच. कुलाबा छान आहे, ताजच्या मागच्या गल्ल्यांत लहान लहान हॉटेलं आहेत, गेटवे दोन पावलांवर, कॉजवेवर खरेदी, पण तिथं लोकलचं स्टेशन नाही, टॅक्सी किंवा बेस्टची बस धरून चर्चगेट नाहीतर सीएसएमटी गाठावं लागतं. चर्चगेटच्या बाजूला शांत आणि महाग. क्रॉफर्ड मार्केट-मस्जिदच्या बाजूला एकदम स्वस्त, पण रात्रभर मालाच्या गाड्या आणि हातगाड्यांचा आवाज, ज्याला झोप प्यारी त्यानं नको. आणि रिक्षा विसरा. वांद्रे आणि सायनच्या खाली रिक्षा चालतच नाहीत, हे नागपूरवाल्यांना दरवेळी नव्यानं सांगावं लागतं. काळी-पिवळी टॅक्सी मिळते, पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, चौघंजण असाल तर जवळच्या अंतराला टॅक्सी काही महाग नाही.

बजेट कमी असेल, किंवा घरातलं कोणी हिंदी-इंग्रजीला बिचकत असेल तर दादर. डोळे झाकून दादर. वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइनी तिथं मिळतात, महालक्ष्मी एक्सप्रेस, विदर्भ एक्सप्रेस तिथं थांबतात, खाली उतरायला फास्ट लोकलनं पंधरा-वीस मिनिटं, त्यामुळे गर्दीत चेंगरलात तरी थोडाच वेळ. सिद्धिविनायक, शिवाजी पार्क, चैत्यभूमी हे सगळं जवळ. आणि खाण्याचं म्हणाल तर आस्वादची मिसळ, प्रकाशकडचं पियुष आणि साबुदाणावडा, मामा काणेंचा बटाटावडा, आईला बाहेरचं चालत नाही ही तक्रारच संपली. फक्त स्टेशनच्या अगदी तोंडावरचं लॉज घेऊ नका, वेस्टला फुलबाजार पहाटेच सुरू होतो. हिंदू कॉलनीच्या बाजूला किंवा शिवाजी पार्ककडे जरा आत मिळालं तर बघा. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला देशभरातून लाखो लोक येतात, तुम्ही त्यासाठीच येत नसाल तर ते दिवस सोडा. आणि जुन्या आठवणीवर विसंबून प्लॅटफॉर्म शोधू नका, २०२३ च्या डिसेंबरपासून दादरचे नंबर सलग केलेत, सेंट्रलचे आता ८ पासून सुरू होतात. माझ्या आत्याला हे अजून पटलेलं नाही.

ईस्ट-वेस्ट हा एक वेगळाच घोळ. नकाशावर हॉटेल आणि देऊळ चिकटून दिसतात पण मधून रेल्वे जाते. परळ पूर्वेला खोली घेतली, सिद्धिविनायक पलीकडेच दिसतोय म्हणून खूश, पण परळ आणि प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल २०२५ च्या सप्टेंबरपासून बंद झाला, त्यामुळे टॅक्सीला वळसा. अशा वेळी स्टेशनच्या पादचारी पुलावरून चालत जाणं बरं. हॉटेलच्या नावापुढे ईस्ट आहे का वेस्ट आणि तुम्हाला जायचंय ती बाजू कुठली, एवढं बघितलं तरी अर्धा त्रास वाचतो.

बरं, अंधेरीला मी एवढी नावं ठेवली पण आता एक गोष्ट बदललीय हे कबूल केलं पाहिजे. मेट्रो ३. भुयारी. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, २०२५ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण सुरू आहे. विमानतळाची दोन्ही टर्मिनल, दादर, सिद्धिविनायक, सायन्स सेंटर, महालक्ष्मी, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, ही सगळी एकाच लाइनीवरची स्टेशनं, जास्तीत जास्त तिकीट ७० रुपये आणि एसी. त्यामुळे मरोळ नाक्याच्या मेट्रो स्टेशनपासून खरंच चालत पाच-सात मिनिटांवर चांगली खोली मिळत असेल तर घ्या, मी काही बोलणार नाही. पण "मरोळमध्ये" आणि "मरोळ नाका मेट्रोजवळ" यात साकीनाक्याच्या ट्रॅफिकएवढा फरक आहे. आणि हीच मेट्रो उलटही चालते ना, म्हणजे विमानानं येणाऱ्यालाही आता विमानतळाजवळ राहायची गरज उरली नाही, टर्मिनल दोनवर मेट्रो पकडायची आणि थेट सीएसएमटीला वर यायचं. फक्त रात्री उशिराचं विमान असेल तर जमणार नाही, मेट्रो लोकलच्या आधीच बंद होते. आणि हो, आता तिकिटावर मुंबई लिहिलंय का नवी मुंबई हेही बघा, उलव्याचा नवा विमानतळ सुरू झालाय, तिथून फोर्टला येणं हे वेगळंच प्रकरण आहे.

वाशी-बेलापूरला मोठ्या खोल्या, स्वच्छ रस्ते, कमी पैसे, सगळं खरंय, पण मुंबई बघायला आलात ना, मग हार्बर लाइनच्या लोकलमध्ये का बसून राहायचं? स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी मात्र वाशीचा जरूर विचार करावा, कारण कुलाब्यात खोली मिळेल पण पार्किंग मिळणार नाही, गाडी तिकडंच ठेवायची आणि ट्रेननं यायचं. वांद्रे वेस्ट मस्त आहे, महाग आहे, कॅफेत बसायला येणाऱ्यांसाठी आहे. जुहूला हॉटेल घ्यायचं खूळ सिनेमावाल्यांचे बंगले बघायला म्हणून असतं, संध्याकाळी एक चक्कर मारली की झालं, राहायचं कशाला. एस्सेलवर्ल्डसाठी बोरिवलीला राहू म्हणणाऱ्यांनो, ते कधीचं बंद झालंय.

कामासाठी येणाऱ्यांचं गणित वेगळं. अमेरिकेच्या व्हिसाला बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) यायचं तर वांद्रे-कुर्ल्याच्या आसपासच राहा, सकाळच्या अपॉइंटमेंटला ट्रॅफिकच्या भरवशावर येऊ नका. मंत्रालयात काम असेल तर आमदार निवास आहेच, ज्याची ओळख त्याची खोली. टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन येत असाल तर आधीच हॉटेल बुक करू नका, किती दिवस लागतील सांगता येत नाही, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, अशा आणखीही सोयी आहेत, त्यांची माहिती तिथं मिळते.

पावसाळ्यात येणार असाल तर आणखी एक, हिंदमाता, सायन, गांधी मार्केट, अंधेरी सबवे ही नावं ऐकून ठेवा, जोरात पाऊस झाला की बातम्यांत सगळ्यात आधी हीच येतात. हॉटेलच्या पत्त्यात यातलं काही दिसलं तर जून ते सप्टेंबर तिथं नको.

बुकिंगच्या आधी हॉटेलवाल्याला एक फोन करा. ॲपवरचा नाही, थेट त्याचा नंबर शोधून. खोलीला खिडकी आहे का आणि ती उघडते का, लिफ्ट चालू आहे का, स्टेशनवरून चालत किती मिनिटं (त्याच्या उत्तराच्या दुप्पट धरा), आणि सकाळी सात वाजता आलो तर खोली देणार का. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण आपल्याकडच्या सगळ्या रात्रीच्या गाड्या सकाळी सकाळी पोचतात आणि चेक-इन दुपारी बाराला असतं. काही लॉज २४ तासांच्या हिशेबानं खोली देतात, ती बरी. नाहीतर सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकायचं, बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच आणा.

आणि परतीचं तिकीट कुठून आहे ते हॉटेल ठरवतानाच बघून ठेवा. एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) असेल तर एलटीटी म्हणजे कुर्ला स्टेशन नव्हे, ते वेगळं आहे, सामान घेऊन कुर्ल्याला उतरलात की पुढं पुन्हा रिक्षा शोधावी लागते. हार्बर लाइनवर टिळक नगरला उतरलात तर जास्त जवळ पडतं. आणि परतीचा दिवस रविवार असेल तर हार्बरला मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) आहे का ते शनिवारीच बघून घ्या.