आपट्याचा भाऊ, बिब्ब्याची बहीण: ॲन आर्बरच्या झाडांत फिरताना

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहायला आलेल्या नाशिककरांचा पहिला आठवडा झोपेचं गणित जुळवण्यात जातो, दुसरा कॉस्को आणि मंदिर बघण्यात. तिसऱ्या आठवड्यात कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आठवायला लागतो. मुलं कामावर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, गाडी चालवता येत नाही. मुक्काम मिशिगनमधल्या ॲन आर्बरला असेल तर यावरचा उपाय मिशिगन विद्यापीठाला लागूनच आहे. त्याचं नाव निकोल्स आर्बोरेटम. विद्यार्थी नुसतं 'आर्ब' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.

आर्बोरेटम म्हणजे अभ्यासासाठी जोपासलेला झाडांचा संग्रह. हा 123 एकरांचा आहे. निकोल्स कुटुंबाने 1907 मध्ये विद्यापीठाला जमीन दिली आणि ओ. सी. सायमंड्स या लँडस्केप डिझायनरने तिचा आराखडा केला. कारंजी, कुंपणं, आखीव ताटवे त्याने जवळपास टाळलेच. दऱ्या गवताच्या मोकळ्या ठेवल्या आणि उतारांवर स्थानिक झाडी राखली, त्यामुळे वळण घेतल्याशिवाय पुढची दरी दिसत नाही. प्रवेश फुकट, वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. सायकल आत चालत नाही, कुत्रा असेल तर पट्ट्याला बांधून.

दोन मुख्य फाटकं लक्षात ठेवा: वॉशिंग्टन हाइट्स आणि गेडिस. वॉशिंग्टन हाइट्सचं फाटक विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलजवळ आहे. सेंट्रल कॅम्पसवरून चालत साधारण 15-20 मिनिटं. गाडीने सोडायला कोणी येणार असेल तर पार्किंगच्या पाट्या नीट वाचायला सांगा, आसपासच्या बऱ्याच जागा परमिटवाल्यांसाठी राखीव असतात. सरळ उतरवून जाणं सगळ्यात सोपं.

आता चढ-उताराचं. पांडवलेणीला आपण दम ताजा असताना चढतो आणि परत येताना उतरतो. आर्बमध्ये सगळं उलटं आहे. फाटकं वर आणि ह्यूरॉन नदी खाली. जाताना आपोआप पाय सुटतात, नदीकाठी छान वाटतं, आणि चढ उरतो शेवटी, गुडघे थकल्यावर. पहिल्यांदा येणारे फसतात ते इथेच. म्हणून घड्याळ लावून चाला. तासाभराचा फेरफटका असेल तर 25 मिनिटं झाली की मागे वळा आणि परतीला 35 ठेवा. गुडघेदुखी असेल तर पहिले दोन-तीन दिवस नदीपर्यंत जाऊच नका. खाली पाण्याची किंवा टॉयलेटची सोय नाही असं धरूनच घरातून निघा आणि अर्धा लिटर पाणी बरोबर ठेवा.

चप्पल नको. इथले डोंगर आपल्यासारखे काळ्या कातळाचे नाहीत. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी ढकलत आणून टाकलेल्या वाळू, गोटे आणि मातीचे ते ढीग आहेत. माती भुसभुशीत, उतारावर पाय सरकतो. याच कारणाने आखलेली वाट सोडून शॉर्टकट मारायचा नाही. चार माणसं उतारावरून सरळ खाली उतरली की पुढच्या पावसात तिथे ओघळ पडतो. रेल्वेचे रूळही इथून जवळच आहेत, ते ओलांडून पलीकडे जाणं बेकायदा आहे. कोणी जाताना दिसलं तरी त्यांच्या मागे जाऊ नका.

झाडं ओळखायला सुरुवात करताना नातेवाईक शोधा. परदेशी नावं पाठ होत नाहीत, पण गोतावळा लगेच लक्षात राहतो.

रेडबडपासून सुरुवात करा. एप्रिल-मेमध्ये पानं यायच्या आधी याच्या काळ्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर, गुलाबी फुलं फुटतात. पान बदामाच्या आकाराचं. आपटा आणि कांचन यांच्या उपकुळातलं हे झाड आहे. पान जरा रुंद करून मधोमध चिरलं की आपट्याचं पान झालं! चपट्या शेंगाही ओळखीच्या वाटतील. दसऱ्याच्या सुमारास इथल्या झाडांना रंग चढत असतो आणि या पानांकडे हात जातोच. पण आत काहीही तोडायला बंदी आहे, सोनं लुटायचं तर मुलांच्या अंगणातल्या झाडाचं लुटा.

ट्युलिप ट्री हा सोनचाफ्याच्या कुळातला. सरळसोट, उंच, पानाचा शेंडा कात्रीने कापल्यासारखा. फुलं जूनच्या आसपास येतात, हिरवट पिवळी आणि आत नारिंगी पट्टा. पण ती इतक्या उंचावर असतात की खाली पडलेली पाकळी बघूनच मान वर करायची. त्याच कुळातले मॅग्नोलिया एप्रिलमध्येच फुलतात आणि तिथेच त्यांचं बिनसतं. एक रात्र पारा शून्याखाली गेला की सकाळी सगळी फुलं चहात बुडवल्यासारखी तपकिरी. कोणी 'मॅग्नोलिया फुलला' म्हटलं तर शनिवारची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

सॅसफ्रास दालचिनी आणि तमालपत्राच्या घरचा. एकाच फांदीवर तीन तऱ्हेची पानं: साधं, एका बाजूला अंगठा फुटलेलं आणि तीन बोटांचं. ओक ओळखायला पानाची कड बघा. गोलसर कंगोरे असतील तर व्हाइट ओक, टोकदार आणि टोकाला केसासारखा काटा असेल तर रेड ओक. खारींना हा फरक माणसांपेक्षा चांगला कळतो. व्हाइट ओकची फळं शरदातच रुजायला लागतात म्हणून त्या ती लगेच खाऊन टाकतात, रेड ओकची वसंतापर्यंत रुजत नाहीत म्हणून पुरून ठेवतात. लावलेल्या झाडांवर नावाच्या पट्ट्या सापडतात, आपसूक वाढलेल्या रानझाडांवर बहुधा नसतात.

आता बिब्ब्याची बहीण. पॉयझन आयव्ही. हिच्यासाठी मात्र थांबून, नीट वाचा.

आंबा, काजू, बिब्बा यांच्या कुळातलीच ही वेल. बिब्बा उतल्यावर कातडीचं जे होतं तेच हिचं तेल लागल्यावर होतं: खाज, लाली, पाण्याचे फोड. आंब्याच्या चिकाने ज्यांना ओठांवर फोड येतात त्यांनी जास्त जपावं. ओळख अशी: एका देठाला तीन पानं, मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब. कधी जमिनीलगत पसरते, कधी झुडूप होते, कधी झाडावर चढते, आणि चढलेली जुनी वेल खोडाला चिकटलेल्या केसाळ दोरासारखी दिसते. हिवाळ्यात पानं गळाली तरी त्या दोरातलं तेल तसंच असतं. पळसाला पानं तीन, बेलाला तीन, त्यामुळे त्रिदळ दिसलं की आपला हात सवयीने पुढे जातो. श्रावणात तर हमखास. इथे तो खिशात ठेवा. पाच पानांची व्हर्जिनिया क्रीपर वेगळी, तिच्यामुळे उगीच घाबरू नका.

लागलीच तर लगेच साबण आणि भरपूर गार पाण्याने धुवा. तेल असल्याने नुसत्या पाण्याने ते निघत नाही. बूट, काठी, कपडेही धुवा, कारण तेल त्यांच्यावर टिकून राहतं आणि नंतर हाताला लागतं. पुरळ बऱ्याचदा 12 ते 48 तासांनी उठतं, त्यामुळे लोक दोष आदल्या रात्रीच्या जेवणाला देतात.

दुसरी काळजी गोचिडीची. इथे हरणं आहेत, म्हणजे गोचीड आली. लाइम नावाचा आजार पसरवणाऱ्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. पँट मोज्यात खोचा, कपडे फिके घाला, उंच गवतात शिरू नका. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत, कानामागे आणि केसांत बघा. कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर 10 मिनिटं फिरवले की राहिलेल्या मरतात. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा, पिळू नका. तेल, रॉकेल, पेटती काडी यांपैकी काही नको. लाइमचा जंतू अंगात जायला ती साधारण 24 तासांहून जास्त चिकटलेली असावी लागते, म्हणून रोज संध्याकाळी तपासणं हाच खरा उपाय. महिन्याभरात ताप आला किंवा गोल, पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांना 'गोचीड चावली होती' हे आधी सांगा.

कधी यायचं? आमचं मत विचाराल तर तिकीट मेच्या पहिल्या आठवड्याचं काढा. झाडांना पूर्ण पानं फुटायच्या आत, ऊन जमिनीपर्यंत पोचतं तेवढ्या काळात, ट्रिलियमसारखी रानफुलं उरकून घेतात. त्याच्या बिया मुंग्या वाहून नेतात, रोपाला पहिलं फूल यायला काही वर्षं जातात. म्हणून चिखल असला तरी वाटेच्या मधूनच चाला. बूट वाचवायला कडेने गेलात की पाय या रोपांवर पडतो.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत पिओनी, म्हणजे थंड प्रदेशातलं मोठ्या फुलांचं बागेतलं झाड. वॉशिंग्टन हाइट्सच्या फाटकातून आत आलं की लगेच ही बाग लागते, गुडघ्यांना काही त्रास नाही. डॉ. अपजॉन यांनी 1922 मध्ये दिलेल्या रोपांपासून ती उभी राहिली आणि 1927 मध्ये खुली झाली. 27 वाफे, 200 हून अधिक जुन्या जाती, आणि ऐन बहरात 10 हजारांपर्यंत फुलं. भरगच्च पाकळ्यांची फुलं जोराच्या पावसाने जमिनीला टेकतात, उकाडा पडला तर बहर लवकर आटोपतो, त्यामुळे अंदाज बघून जा. कळ्यांवर मुंग्या दिसतील, त्या गोड रसासाठी आलेल्या असतात. कळी त्यांच्याशिवायही उमलते. कंद नाशिकला नेण्याचा विचार मात्र सोडा. पिओनीला हिवाळ्यात काहीशे तासांची कडक थंडी लागते. निफाडचा पारा 5 अंशांवर आला की आपल्याकडे पेपरात बातमी होते, पिओनीचं तेवढ्याने भागत नाही.

जून-जुलैत सूर्य रात्री नवानंतर मावळतो, त्यामुळे जेवण उरकूनही तासभर फिरता येतं. डास असतात. रंगांसाठी ऑक्टोबरचा मध्य ते अखेर. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठणारा नाही, असं आठ-दहा दिवस जमून आलं की मेपल लालभडक होतात. वारा-पाऊस आला की दोन दिवसांत खेळ खलास.

वसंतात किंवा शरदात एखाद्या दिवशी धूर आणि जळालेलं गवत दिसेल. चामरलेणीच्या डोंगरावरचा वणवा बघितलेल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. इथे ती आग कर्मचाऱ्यांनी मुद्दाम, वारा आणि आर्द्रता बघून लावलेली असते. जाड सालीचे ओक तगतात, त्यांच्या सावलीत घुसू पाहणारी मेपलची कोवळी रोपं जळतात, आणि प्रेअरीचं, म्हणजे मोकळ्या माळाचं, गवत मुळांपासून पुन्हा फुटतं. त्या दिवशी तिथल्या वाटा बंद असतात. पाटी दिसली की दुसऱ्या वाटेने जा.

डिसेंबर ते मार्च ताजा बर्फ फारसा त्रास देत नाही. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, काचेसारखा थर पाडतो, आणि तो उतारावर हमखास असतो. बुटाला बाहेरून चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे मिळतात, ते घ्या, काठी घ्या, दरीत उतरू नका. हॉस्पिटल फाटकाशेजारी असलं तरी पर्यटक विम्याशिवाय त्याचं बिल मुलांना घाम फोडेल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधार पडतो. तेव्हा दुपारचा चहा फिरून आल्यावर घ्यायचा.