खड्डे मारू नका, वणवा आवरा

आमच्या संगमेश्वर बाजूला डोंगर तोडायला देणं काही नवीन नाही, जमीन आपलीच राहते, झाडं ठेकेदाराची, आठ-दहा वर्षांनी सगळं बुडातून साफ. आमचा वाटा 2013 ला तुटला. त्यानंतर मी घरच्यांच्या मागे लागून तो राखून ठेवलाय आणि जो तो मला विचारतो की झाडं कुठली लावलीस? एकही नाही लावलं!

परवा वर गेलेलो. एक किंजळीचा खुंट आहे, तोडल्यावर पहिल्या पावसात त्याला 14 फुटवे आलेले, मी मोजलेले, त्यातले दोन सरळ बघून ठेवले आणि बाकीचे कोयत्याने उडवले, आज ते दोन्ही घराच्या आढ्याच्या वर गेलेत. वरचं झाड गेलं तरी खालची मुळं जुनीच ना, खोल गेलेली, साठा असलेली. कातळावर खड्डा मारून लावलेलं नर्सरीचं रोप बिचारं मार्चपर्यंत पण टिकत नाही.

जिथे खुंट नाहीत तिथे करवंदाची जाळी बघा. बुलबुल बसतात, बिया टाकतात, गुरांचं तोंड आत जात नाही, आमच्या एका जाळीतून जांभूळ डोकं काढून वर आलंय. ऐनाच्या फळाला तर पंखच असतात, वाऱ्यावर येतं. रानमोडी हे तण सुरुवातीला खूप माजतं पण वर सावली धरली की आपोआप हटतं.

फक्त वणवा नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणीतरी गवत चांगलं येतं म्हणून काडी लावतो आणि दोन-तीन वर्षांची बारकी रोपं एका दुपारी जातात, खुंट परत फुटतो पण दर वेळी जोर कमी. म्हणून गवत सुकायला लागलं की आम्ही बांधाच्या कडेने जाळरेषा काढतो, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत नसलेला पट्टा, वर्षाचं मोठं काम तेवढंच.

अमेरिका खंडांच्या उष्ण भागातल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या अशा परत वाढलेल्या जंगलांचा एक अभ्यास 2021 मध्ये आला, त्यात माती दहा वर्षांच्या आत सावरते पण झाडांच्या जातींचं जुन्या रानासारखं मिश्रण परत यायला 120 वर्षांच्या वर लागतात असं होतं. आपल्याकडे रानजायफळासारख्या मोठ्या बियांची झाडं त्या बिया पसरवणारा धनेश पक्षी आल्याशिवाय कशी येणार, आणि धनेशाला ढोलीची मोठी झाडं लागतात, ती देवराईतच उरलीत.

गणपतीत ठेकेदार परत आलेला. काकांनी चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.