मोठ्या ब्रेकना बसणारी स्टेपनी

ताम्हिणी घाट उतरताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं आणि टायर बगलेत बोटभर फाटला. आषाढातली संध्याकाळ होती. धुक्यात पुढचं वळण दिसत नव्हतं, मोबाईलला रेंज नव्हती आणि मागच्या सीटवर आई होती. पंक्चरचं किट गाडीत असतंच, पण बगलेत फाटलेला टायर कुठल्याही किटने शिवून निघत नाही. डिकीतून स्टेपनी काढली, जॅक लावला, फाटलेलं चाक उतरवलं आणि स्टेपनी हबवर, म्हणजे चाक जिथे बोल्टांनी बसतं त्या मधल्या भागावर, चढवायला गेलो. चाक आत जाईचना. एका बाजूने हबला टेकत होतं, दुसऱ्या बाजूला रिमची कड ब्रेकच्या कॅलिपरवर (ब्रेकच्या चकतीला चिमटीत धरणाऱ्या भागावर) अडून तिरकी उभी राहत होती. दोनदा काढून लावून पाहिलं. तिसऱ्यांदा टॉर्च मारला तेव्हा कॅलिपरवरचा रंग खरवडलेला दिसला आणि काय झालंय ते कळलं.

गाडी वडिलांची, २००८ची जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया. मूळचं चाक १५ इंची, टायर १९५/६५. कोकणात गाव असल्यामुळे घाट वर्षातून दहा-बारा वेळा होतो. भरल्या गाडीने उतरताना ब्रेक तापून पेडल मऊ पडायचं, म्हणून गेल्या वर्षी पुढच्या चाकांना ३१२ मिलिमीटरच्या ब्रेक चकत्या, मोठे कॅलिपर आणि त्यांचे ब्रॅकेट बसवून घेतले. त्यासाठी चाक किमान १६ इंची लागतं, म्हणून चार नवी मॅग व्हील (मिश्रधातूची चाकं) आणि २०५/५५ आर १६ टायरही घेतले. गाडीचं थांबणं खरोखर बदललं, आणि त्या खर्चाबद्दल मला आजही एका पैशाची रुखरुख नाही. पण डिकीतली १५ इंची लोखंडी स्टेपनी तशीच राहिली. काम करणाऱ्या गॅरेजने विषय काढला नाही, मीही विचारलं नाही.

घाटातून सुटका केली ती दुधाचे कॅन घेऊन वर चाललेल्या एका पिकअपवाल्याने. त्याने गाडी बाजूला घेतली, चाकाकडे पाहिलं, मागे जाऊन मागच्या चाकात बॅटरी मारली आणि म्हणाला, "दादा, मागचं ब्रेक बारकं हाय की. स्टेपनी मागं टाका, न् मागचं चाक पुढं घ्या." मग आईकडे वळून म्हणाला, "मावशी, तुम्ही उतरून त्या कठड्यापाशी थांबा. गाडीत नको."

युक्ती बिनचूक होती. मागचे ब्रेक मूळचेच असल्याने १५ इंची चाक तिथे सहज बसतं. पण एकाच जॅकवर ते करायचं म्हणजे आधी फाटलेलं चाक दोन बोल्टांवर पुन्हा पुढे अडकवायचं, गाडी खाली घ्यायची, मग मागचा भाग उचलायचा. उतारावर मागचं चाक हवेत गेलं की हँडब्रेक एकाच चाकावर राहतो. त्या माणसाने उरलेल्या तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले, गाडी गिअरमध्ये टाकायला सांगितली आणि मगच पाना हातात घेतला. पाऊण तास लागला. पैसे घेतले नाहीत.

माणगावला टायरच्या दुकानात स्टेपनी उतरवली तेव्हा तिथल्या मिस्त्रीने मला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती ऐकून मला जास्त घाम फुटला. पाचातले दोन बोल्ट हाताने फिरत होते. त्याने स्टेपनीच्या बोल्टच्या खळग्यावर बोट ठेवलं. खळगा वाटीसारखा गोल, आणि त्याच्या कडेलाच चकाकणारी एक बारीक रेघ. माझ्या बाहेरून घेतलेल्या मॅगचे बोल्ट निमुळत्या बुडाचे होते. कंपनीच्या चाकाला गोल बुडाचा बोल्ट लागतो. निमुळता बोल्ट गोल खळग्यात तेवढ्या रेघेवरच टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि चार-दोन हिसक्यांत ढिला पडतो. अशा बोल्टांवर आम्ही घाट उतरून आलो होतो. मूळचे गोल बुडाचे बोल्ट घरी माळ्यावर डब्यात होते.

पुण्याला परत आल्यावर ठरवलं की चारही कोपऱ्यांना, कुठलीही अदलाबदल न करता बसेल अशीच स्टेपनी हवी.

लोकांनी सुचवलं ते असं. एक म्हणाला, आता स्टेपनी लागतच नाही. नियम २०२० साली बदलला हे खरं: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर स्टेपनी बंधनकारक नाही. पण माझ्या गाडीत ती यंत्रणा नाही, आणि फाटलेल्या बगलेपुढे किट काय करतं ते मी पाहिलं होतं. दुसऱ्याने बारीक टायरची तात्पुरती स्टेपनी सांगितली. १२५/९० आर १६ मापाचा टायर उंचीला माझ्या टायरइतकाच भरतो, वजनालाही हलका. पण त्यात ६० पीएसआय हवा लागते आणि वेग ८०च्या आत ठेवावा लागतो. आपल्या बाजारात पाच बोल्ट १०० पीसीडीमध्ये (पीसीडी म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) तो सुट्टा मिळणं कठीण, आणि पावसात भरल्या गाडीने घाट उतरताना पुढे तसला टायर मला नकोच होता. तिसरा सल्ला स्पेसरचा, म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये घालायच्या जाड चकतीचा. स्पेसरने चाक बाहेर सरकतं, रिमचा घेर काही वाढत नाही, आणि १५ इंची चाक अडत होतं ते घेरात. शिवाय या गाडीला नट नाहीत, बोल्ट हबमध्ये जातात. ५ मिलिमीटरचा स्पेसर घातला तर १.५ मिलिमीटरच्या पिचमध्ये (दोन आट्यांतलं अंतर) तीन आट्यांची पकड जाते. मग लांब बोल्ट शोधा. ते सोडून दिलं.

बाजारात जाण्याआधी पुढचं चाक काढून मापं घेतली. हे काम प्रत्येकाने घरीच करावं असं माझं ठाम मत आहे, कारण दुकानदार "बसेल की" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मूळचे ब्रेक असतात. हबच्या मध्यापासून कॅलिपरच्या सगळ्यात बाहेरच्या टोकापर्यंत भरले १८३ मिलिमीटर. जुन्या १५ इंची चाकाची आतली त्रिज्या जेमतेम १७४. मग हबवर सरळ पट्टी आडवी धरली, तर कॅलिपर पट्टीच्याही पुढे डोकावत होता. म्हणजे घेरात जागा असूनही चाकाच्या काड्या कॅलिपरच्या तोंडावर घासू शकतात, आणि चाकाच्या इंची मापावरून हे कळत नाही. जाड पुठ्ठ्यावर कॅलिपरचा हा आकार कापला, मध्ये हबच्या मापाचं ५७.१ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि तो पुठ्ठा घेऊन नाना पेठेत गेलो.

तिथे पहिला गोंधळ शब्दाचा. ब्रेकची ती डिस्क आणि टायरवाल्यांच्या भाषेत लोखंडी चाक म्हणजेही डिस्कच. मी "मोठ्या डिस्कला बसणारी डिस्क" मागत होतो आणि समोरचा मला ब्रेकच्या दुकानाकडे पाठवत होता. नंतर मी ब्रेकची ती चकती आणि चाकाचं ते रिम असंच बोलायला लागलो.

पहिल्या दुकानात लॉराचं १६ इंची लोखंडी चाक निघालं. कंपनी तीच, पण लॉराची पीसीडी ११२, माझ्या गाडीची १००. दुसऱ्या दुकानात टोयोटाचं १०० पीसीडीचं चाक होतं आणि दुकानदार खुशीत होता, पण मधलं भोक ५४.१. हब ५७.१चा, तीन मिलिमीटरला चाक आत जात नाही. ते भोक लेथवर वाढवून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. तिसरीकडे सगळं जुळलं, पुठ्ठा मात्र काड्यांना अडला. दुकानदार म्हणाला, थोडंसं ग्राइंड करून देतो. चाकाच्या काडीला ग्राइंडर लावलेलं चाक मी आईला बसवून चालवणार नाही, इतकंच सांगून निघालो.

दोन रविवार असे गेल्यावर कुर्ल्याला गेलो. सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात, आणि तिथे कुणाला एकच चाक हवं असेल तर नवल वाटत नाही. बहुतेकांना चारचा संच हवा असतो, त्यामुळे खड्ड्यात एखादं वाकून संच मोडला की उरलेली चाकं तशीच पडून राहतात. तसलंच पोलोचं एक १६ इंची कंपनीचं मॅग सापडलं. पीसीडी १००, भोक ५७.१, खळगे गोल बुडाचे. पुठ्ठा आत घालून पूर्ण फिरवला, कुठेही टेकला नाही. शेजारच्या दुकानात बॅलन्सिंगच्या मशीनवर नुसतं रिम फिरवून घेतलं, डगडग नव्हती. आतून टाके घातल्याच्या वेल्डिंगच्या खुणा शोधल्या, नव्हत्या. साडेचार हजार रुपये. गोणपाटात गुंडाळून शिवनेरीच्या डिकीत टाकून आणलं.

टायर विकत घ्यावा लागला नाही. एक फाटला होता म्हणून पुढे दोन नवे घेतले होते, त्यामुळे फाटलेल्याच्या जोडीचा चांगला टायर उरलाच होता. तो चढवला. २०५/५५ आर १६ची उंची ६३२ मिलिमीटर, मूळच्या १९५/६५ आर १५ची ६३४.५. म्हणून डिकीच्या खळग्यात तो आरामात उतरला, रुंदीला थोडा जास्त असूनही वरची फळी सपाट बसली.

पण पुठ्ठा म्हणजे पुठ्ठा. खरी खात्री करायची होती लोखंडावर. गणपतीच्या मूर्तीची उरलेली शाडू घरात होती. तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून कॅलिपरच्या तोंडावर तीन ठिकाणी आणि वरच्या पाठीवर दोन ठिकाणी चिकटवल्या. चाक चढवलं, पाचही बोल्ट आवळले, मग हळूच काढलं. गोळ्या चपट्या झाल्या होत्या. काडीकडची सगळ्यात पातळ चकती पट्टीने मोजली तर ४ मिलिमीटर, पाठीवरची तितकीच. ३ मिलिमीटर तरी मोकळे हवेत असं मानतात, कारण गरम झाल्यावर आणि वळणावर सगळंच थोडं हलतं. शाडूत काडीच्या कडेचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता की ती चकती मी वाळवून ठेवली आहे.

त्यानंतर एक गोष्ट राहून जाणार होती. टायरवाल्याने बॅलन्सिंगची चिकटणारी वजनं रिमच्या आत, नेमकी कॅलिपरच्या वर चिकटवली होती. ४ मिलिमीटरच्या जागेत तेवढ्याच जाडीचं वजन. हाताने फिरवतानाच टक-टक आवाज आला. ती काढून वजनं आतल्या कडेला, कॅलिपरपासून लांब लावून घेतली. पुन्हा चारही कोपऱ्यांना स्टेपनी लावून पाहिली, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं, सोसायटीच्या आवारात हळू फेऱ्या मारल्या, मग ब्रेक तापवून पाहिले. कुठेच स्पर्श नाही. बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळले. हवा ३५ पीएसआय ठेवतो, गाडीतल्या टायरपेक्षा थोडी जास्त, कारण स्टेपनीची हवा कुणाच्या लक्षात न येता उतरते.

आता गाडीत दोन प्रकारचे बोल्ट आहेत आणि अंधारात ते एकमेकांसारखेच दिसतात. निमुळत्या बुडाचे मॅगवर, गोल बुडाचे पाच स्टेपनीसाठी. माळ्यावरचा डबा खाली काढला, गंज घासून पाच चांगले निवडले, डोक्यांवर पांढरा रंग लावला. त्यांना आईने जुन्या जीन्सच्या कापडाची पिशवी शिवून दिली आणि वर लाल दोऱ्याने "स्टेपनी" असं काढलं. ती पिशवी स्टेपनीच्या मधल्या खळग्यात असते.